न विटणारा केशरी

चारकोपला क्रीम बनवणारे आमचे शेजारी प्रत्येक वाक्य ‘शास्त्र सांगतं’ असे म्हणून आरंभतात आणि बोलताना डबीचे झाकण फिरवत राहतात.

“शास्त्र सांगतं काकू, शेवाळातलं अ‍ॅस्टाझँथिन, म्हणजे हा केशरी रंग, सुरकुत्यांवर झकास, फक्त उन्हात ठेवू नका, रंग उडतो.”

ते क्रीम लावून पत्नीच्या गालावर पुरळ उठले, तेव्हा मी थोडे क्रीम बशीत काढून देवघराच्या खिडकीत ठेवले. पंधरा दिवस पूजेला बसताना पाहत होतो. कडक उन्हातही केशरी रंग तसूभर विटला नाही. शेवाळाचा असता, तर त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे उडाला असता.

बशी त्यांच्यापुढे धरून मी विनविले, “आपल्या गालाला जरा लावून दाखवता?”

झाकण थांबले.

“मला अ‍ॅलर्जी आहे ना, काका.”

या वाक्याआधी मात्र शास्त्र आले नाही.