अक्कानं समजावलेली पेशी

दाजींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात कारखान्याच्या गेटवर होतो. "अक्का गेली," एवढंच ते बोलले. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबलं होतं. त्याचा अर्थ मला कळत होता, कारण तो तिनंच शिकवला होता...

सुजाताक्का माझी थोरली बहीण. कमठाण्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली तीच. मी दहावीत नापास झालो तेव्हा पुढ्यात बसवून तिनं मला पेशी समजावली. पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. पातळ पडद्यातून दोन्ही सारखी झिरपत राहतात, आणि पेशी अन्नातून मिळालेली ताकद खर्चून सोडियम बाहेर ढकलते, पोटॅशियम आत ओढते. एवढा खटाटोप कामून, असं मी विचारलं.

"थांबली तर मरतीया," अक्का म्हणाली.

चाळिशीआधीच तिची मूत्रपिंडं निकामी झाली. दाजींचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. हैदराबादेत सगळ्या तपासण्या होऊन ऑपरेशनचा दिवस ठरला. आदल्या दुपारी चहा पिऊन येतो असं सांगून मी बाहेर पडलो आणि पुण्याच्या बसमध्ये बसलो. मला कुणी अडवलं नव्हतं, कुणी कान भरले नव्हते. मी भ्यालो होतो.

पुढं दोन वर्षं ती आठवड्यातून दोनदा बसनं गुलबर्ग्याला डायलिसिसला जायची. शेवटची भेट तिथंच झाली. हातात नळ्या, नजर मशीनवर. शिक्षिकेच्या सवयीनं ती सांगू लागली, "ह्यातनं घाण नुसती पडद्यापल्याड झिरपतीया. पाहिजे ते निवडून परत आत ओढायचं ह्याला जमत न्हाई. त्याला जितं मूत्रपिंडच लागतंय."

मी मान खाली घातली. आता देतो म्हणालो. पण तिचं हृदय आता ऑपरेशन झेलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिनं नजर मशीनवरून माझ्याकडं वळवली.

"चहाला म्हणून गेलास, मिलिंद. मी दिवस बुडस्तोर वाट बघितली."

 

डॉक्टरांनी तिला दिवसाला अर्धाच लिटर पाणी ठरवून दिलं होतं. ती सकाळीच बाटलीत मोजून भरायची. तिच्या खोलीच्या खिडकीत ती बाटली अजून आहे, ती गेली त्या दिवसाचं निम्मं पाणी तसंच. तहान मारून तिनं ते दुपारसाठी राखलं होतं. दाजी ते ओतून टाकत नाहीत. मागल्या आठवड्यात मी बाटलीचं झाकण काढलं, आणि पुन्हा घट्ट लावलं.