वांडूलची सून

आमच्या वांडूलमध्ये, मेलबर्नपासून दूर गव्हाच्या मुलखात, थंडीच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर, शनिवारी कुणी लग्न लावत नाही, आणि शहाणा माणूस शनिवारी मरतही नाही. मेलाच तर खांदा द्यायला येणार कोण, सगळे मैदानावर. डल्सीचं लग्नसुद्धा याच कारणाने ऑक्टोबरपर्यंत लांबलं होतं, फुटबॉलचा मोसम संपेपर्यंत. तिच्या सासऱ्याने, म्हाताऱ्या पर्सी पेनरोझने, तारीख ठरवताना पाद्रीबाबांना नाही विचारलं, क्लबच्या सेक्रेटरीला विचारलं.

पेनरोझ म्हणजे वांडूल फुटबॉल क्लब, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पर्सीने घोड्यांना फळी जुंपून मैदान सपाट केलं. त्याच्या तिन्ही मुलांनी त्या मैदानावर गुडघे फोडून घेतले. त्यातला मधला लेस्टर, डल्सीचा नवरा, सतरा नंबरची मरून-पिवळी जर्सी घालून बारा-तेरा वर्षं खेळला. मग पोरांच्या पोटऱ्यांना तेल चोळत बसला, मग अध्यक्ष झाला, आणि अध्यक्षपदावरून उतरल्यावर गेटवर तिकिटं फाडायला लागला. क्लबच्या बाहेरचं काही काम त्याला कधी सुचलंच नाही. घरात मूल जन्मलं की बाप्तिस्म्याच्या आधी क्लबचं सदस्यत्व. डेनिस जन्मला तेव्हा लेस्टर दवाखान्यात मरून रंगाची लोकरीची टोपी घेऊनच आला होता. मुलगा की मुलगी, हे त्याने नंतर विचारलं.

आणि डल्सी कुठली? ब्रेंटनची. वांडूलहून अर्ध्या तासाचा रस्ता, खारट तळ्याच्या पलीकडचा काठ. तीच गव्हाची शेतं, तीच धूळ, तेच गुलाबी काकाकुवे. पण ब्रेंटनची जर्सी निळी-पांढरी, आणि तेवढ्यावर दोन गावांचं वैर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. एकोणीस वर्षांची डल्सी लग्न करून वांडूलला आली तशी आडनावाबरोबर संघही बदलून आली. तिला कुणी विचारलं नाही. बाईने असंच करायचं असतं, हे सगळ्यांनी धरून चालायचं आणि तिनेही मूग गिळून बसायचं. पहिल्या वर्षी मैदानावरच्या कॅन्टीनमध्ये आमच्या बायकांनी तिला नुसते कप विसळायला लावले. मांसाचं सारण भरलेल्या पाई भट्टीतून काढायचं मानाचं काम तिच्या हाती आलं ते डेनिस झाल्यावर. वांडूलचं रक्त पोटातून काढून दाखवल्याशिवाय आमच्या बायका कुणाला भट्टीला हात लावू देत नाहीत. मी आमच्याच बायकांबद्दल बोलतोय, उगाच कुणी नाक मुरडू नये.

आता गाड्यांचं सांगायला हवं. आमच्याकडे मॅच बघायची ती गाडीत बसून. मैदानाच्या कुंपणाला नाक टेकवून गाड्या उभ्या करायच्या, आत चहाचा थर्मास, मांडीवर घोंगडी. प्रत्येक घराची जागा ठरलेली, ती बापाकडून मुलाकडे जाते. यजमान एका बाजूला, पाहुणे दुसऱ्या बाजूला. आपल्या संघाने गोल मारला की आपल्या बाजूच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवायचे. ब्रेंटनच्या मैदानावर पाहुण्यांना पश्चिमेकडे तोंड करून बसवतात, म्हणजे दुपारभर ऊन थेट डोळ्यांत. मुद्दाम करतात मेले. पेनरोझांची जागा तिथे स्कोअरबोर्डाच्या खाली होती. डल्सी लग्न झाल्यापासून तिथे बसून, डोळ्यांवर हात धरून, समोरच्या बाजूला आपल्या माहेरची माणसं बघत आली होती.

लेस्टरची नजर गेली पाच-सहा वर्षं अधू होत चालली होती. डोळ्यांच्या मध्यावरचं दिसेना, फक्त कडेकडेचं. डॉक्टरने गाडी चालवायची बंद केली. मग डल्सी चालवायची आणि मैदानावर काय चाललंय ते सांगायची. तो कान देऊन हॉर्न ऐकायचा. आपल्या बाजूने वाजले तर आपला गोल, समोरून वाजले तर त्यांचा. चालकाच्या जागेवर आता डल्सी असली तरी हॉर्नवर हात त्याचाच. आडवा वाकून तो असा दाबायचा की डल्सीच्या हातातला चहा सांडायचा.

आणि मग तो दिवस आला. शेतं मोठी झाली, घरं कमी झाली, पोरं मेलबर्नला गेली. आमचा फुटबॉल चेंडू हातात धरूनही खेळतात, एका बाजूला अठरा जण; शेवटच्या मोसमात ते जमवताना आमची दमछाक झाली. शाळेचे नवे मास्तर, ज्यांनी जन्मात चेंडू धरला नव्हता, त्यांनाही जर्सी चढवली. ब्रेंटनची गत वेगळी नव्हती. शेवटी सभेत हात वर करून दोन्ही क्लब एक केले. नाव 'वांडूल-ब्रेंटन', म्हणजे नावात आम्ही पुढे. मैदान मात्र ब्रेंटनचं. जर्सी निळी, तिच्यावर तिरका मरून पट्टा. लेस्टरचा मुलगा डेनिस सभेत पुढच्याच रांगेत होता, आणि त्याने हात वर केला. त्याची पोरगी ब्रॉनी मुलींच्या संघात खेळायची, तिला खेळायला संघ तर हवा. लेस्टर घरी येऊन म्हणाला, "आजपासून माझा क्लब नाही." तेव्हापासून तो डेनिसशी फक्त पावसापाण्याचं आणि गव्हाच्या भावाचं बोलायचा.

दोन मोसम झाले. दर शनिवारी दुपारी तो डल्सीला म्हणायचा, "चल, जरा सोड मला." ती त्याला वांडूलच्या ओसाड मैदानावर न्यायची. गवत गुडघाभर वाढलेलं, गोलच्या खांबांचा रंग उडालेला. तिथे पेनरोझांच्या जागेवर कुंपणाला नाक टेकवून दोघं बसायची. समोर काहीच नाही. मॅच संपायची वेळ झाली की तो म्हणायचा, "चल आता." 

मग एका गुरुवारी संध्याकाळी ब्रॉनी सरावावरून परस्पर आली. मोसम संपत आला होता, आणि मोसमानंतर ती नर्सिंग शिकायला ॲडलेडला चालली होती.

"आजोबा, या शनिवारी ब्रेंटनला मॅच आहे. पुढच्याही शनिवारी. मग मी गेले. एकदा तरी याल का?"

"गुडघा दुखतोय," लेस्टर म्हणाला.

"गाडीत बसायला गुडघा कशाला लागतो?"

"निळं घालून खेळतेस ना?"

"त्यावर मरून पट्टा आहे की."

"पट्टा कुत्र्याच्या गळ्यातही असतो."

पोरगी हसली, आजीला मिठी मारली आणि निघाली. डल्सीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, फाटकापाशी ती बाहीने डोळे पुसत होती.  पुढच्या हिवाळ्यापर्यंत लेस्टरला उजेड आणि अंधार एवढाच कळेल, असं डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नातीला खेळताना बघायचं तर हे दोनच शनिवार उरले होते. तिने बटाट्याची सुरी खाली ठेवली.

"लेस, मी ब्रेंटनची आहे."

"काय सांगतेस. पेपरात द्यायला हवं."

"थट्टा पुरे. माझ्या बापाच्या देखत मी तुझ्या गावचा मफलर गळ्यात घातला. तो अख्खा मोसम माझ्याशी बोलला नाही. माझा सख्खा भाऊ हॉवर्ड खाली पडला, चेंडू सुटला, तुझ्या संघातल्या पोरांनी गोल मारला, आणि तू हॉर्न वाजवलास. मी शेजारी बसून तुझ्या कपात चहा ओतत होते. तुला जमेल का म्हणून मला कुणी विचारलं? तू विचारलंस?"

लेस्टरने खुर्ची मागे सरकवली.

"मी बदलले. निमूटपणे बदलले. आता तेच तुझ्या वाट्याला आलंय, तेही अर्धंच, तुझं नाव पुढे ठेवून, तर तू दोन वर्षं रिकाम्या मैदानासमोर सुतक धरून बसलायस."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

 लेस्टर रेडिओची कळ चाचपू लागला.

"शनिवारी मी गाडी काढणार," डल्सी म्हणाली, "ब्रेंटनला जाणार आणि माझ्या नातीला बघणार. तुला ओसाड मैदान बघायचं असेल तर चालत जा."

 शनिवारी डल्सी थर्मास घेऊन बाहेर आली तर हा गाडीपाशी उभा. टोपी, कोट आणि गळ्यात जुना मरून-पिवळा मफलर. तिने नुसतं गाडीचं दार उघडलं. अशा वेळी बोललं की बिघडतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

ब्रेंटनच्या गेटवर नारिंगी जाकीट घालून मर्व्ह नॉयमन उभा होता. एकेकाळी ब्रेंटनकडून खेळताना याच मर्व्हने लेस्टरच्या खांद्याचं हाड मोडलं होतं.

"कोण, लेस्टर पेनरोझ? मी समजलो मेलास, आणि आम्हाला कळवलं नाही."

"तुला पोचवल्याशिवाय कसा जाईन?"

"शेडच्या बाजूला लाव गं डल्सी, आडोशाला. तुमची वांडूलची मंडळी सगळी तिकडेच बसतात आता."

"आम्ही जिथे लावतो तिथेच लावणार," लेस्टर म्हणाला.

झालं. गाडी गेली स्कोअरबोर्डाखाली, उन्हात. तिथे सगळ्या गाड्या पाहुण्यांच्या, लेक टॅरिन गावाहून आलेल्या. त्यांच्या मधोमध हे दोघं, जणू पाहुणेच.

मॅच सुरू झाली. डल्सी सांगत होती, "चेंडू आपल्याकडे. ब्रॉनी पळतेय, कडेकडेने. दिसतंय का? डावीकडे बघ." तो मान तिरकी करून, डोळ्यांच्या कडेने शोधत होता. आणि एवढ्यात डावीउजवीकडच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आयुष्यभराची सवय, दुसरं काय. लेस्टर आडवा झाला आणि दिला दाबून.

"अरे, सोड," डल्सी त्याचा हात ओढत म्हणाली. "तो त्यांचा गोल आहे."

शेजारच्या गाडीतल्या लेक टॅरिनच्या बाईने काचेतून कौतुकाने मान हलवली. लेस्टर गळ्यातल्या मरून मफलरपेक्षा लाल झाला. पेनरोझाने शत्रूच्या गोलला हॉर्न वाजवला, असं कधी घडलं नव्हतं.

त्यानंतर त्याने हात मांडीखाली दाबून धरले. खेळ चालू राहिला. शेवटच्या टप्प्यात डल्सीचं बोलणं मध्येच थांबलं, ती पुढे सरकली, श्वास धरून बसली, आणि मग समोरच्या बाजूने, शेडकडून, हॉर्नचा नुसता गदारोळ उठला.

"मारला ब्रेंटनवाल्यांनी," लेस्टर कडवटपणे म्हणाला. "दरवेळी शेवटी शेवटी मारतात."

डल्सीने त्याच्याकडे पाहिलं. "लेस, ब्रॉनीने मारला. आपला गोल आहे तो."

 समोरचे हॉर्न ओसरले. गोल-पंचाने गोलची खूण म्हणून दोन्ही झेंडे हलवून खाली ठेवले, चेंडू मैदानाच्या मध्यावर गेला, खेळ पुन्हा सुरूही झाला. तेव्हा कुठे लेस्टर वाकला आणि हॉर्न दाबला. दाबला तो सोडेना. मैदानावरच्या मुली वळून बघायला लागल्या. पाहुण्यांच्या गाड्यांत माना बाहेर आल्या. पलीकडून मर्व्ह नॉयमनचा आवाज आला, "लेस, झोपला होतास काय रे?" डल्सी हसत होती आणि तिला ते थांबवता येत नव्हतं.

मॅच संपल्यावर ब्रॉनी धावत गाडीपाशी आली, डोक्यापासून पायापर्यंत चिखल.

"आजोबा, त्यांच्या गोलला हॉर्न वाजवलात म्हणे?"

"त्यांच्यात बसल्यावर आणखी काय होणार?" त्याने मान वळवून तिच्याकडे तिरकं पाहिलं, बराच वेळ. "चिखल तर आपल्यासारखाच लागलाय," तो म्हणाला, आणि तिचा गाल थोपटला.

परतीची वाट लागली. रेल्वेचं फाटक गेलं, ब्रेंटनचं गव्हाचं उंच कोठार मागे पडलं. मग लेस्टर एकदम म्हणाला, "आपण इथे खेळायला यायचो तेव्हा तू मनातून कुणाची असायचीस?"

डल्सीने खोटं सांगायचं ठरवलं होतं, हा प्रश्न कधी आलाच तर. पण आलाच नव्हता इतकी वर्षं, त्यामुळे खोटं विसरून गेलं होतं.

"ब्रेंटनची," ती म्हणाली. "डेनिस खेळायला लागेपर्यंत. हॉवर्ड पडला त्या दिवशी तर तुमचा संघ हरावा म्हणून मी देवाला हात जोडले होते."

लेस्टरने मान हलवली. रागावला नाही. रस्त्याकडे तोंड करून बसला.

"तुझा बाप गाडी कुठे लावायचा?"

"काय?"

"ब्रेंटनच्या मैदानावर. तुझ्या बापाची जागा कुठली? मी कधी बघितली नाही."

"शेडच्या डाव्या हाताला, जुन्या निलगिरीखाली. मग हॉवर्ड लावायचा. तो गेल्यापासून लोक ती जागा सोडतात, कुणी लावत नाही. मला समोरून दिसायची रिकामी."

"मग पुढच्या शनिवारी तिथे लाव," लेस्टर म्हणाला. "आपलीच जागा आहे ती."

डल्सी थोडी पुढे गेली. मग तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पोटभर रडली.  तिचं रडणं थांबेपर्यंत लेस्टरने चल म्हटलं नाही.