तानुबाईच्या माळाची निंदणी

वच्छलाबाईचा हात निंदणीला इतका साफ, की भडगावकडच्या त्या गावात कपाशी निंदायची म्हटलं की लोक आधी तिचं दार वाजवत. तिला याची घमेंड होती, आणि का नसावी?

शेजारच्या तानुबाईने मुरमाड माळावर शेळ्यांसाठी मिश्र चारा लावला. ओळीत अंजन गवताची ठोंबं, आणि ओळींच्या मधे धामण गवताचं आणि स्टायलो या द्विदल चाऱ्याचं बी फोकलेलं. उन्हाळ्यात अंजनाच्या काड्या होतात, तेव्हा स्टायलोचा हिरवा पालाच शेळ्यांना तारतो. हे तानुबाईला ठाऊक. वच्छलाबाईला एवढंच ठाऊक, की ओळीतलं ते पीक आणि ओळीबाहेरचं ते तण.

श्रावणात तानुबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली. जाताना म्हणाली, "अक्का, माळवर नजर ठेवजो."

वच्छलाबाई नुसती नजर ठेवते कुठली! घरची भाकर बांधून गेली आणि ओळींमधलं सगळं मुळासकट उपटलं. माळ लख्ख झाला. वर चार बायांना मुद्दाम नेऊन दाखवलाही.

तानुबाई परतली. बांधावरच्या वाळलेल्या ढिगातून एक रोप उचलून तिने ते वच्छलाबाईपुढे धरलं.

"अक्का, हाई बठ्ठं मीच पेरेल व्हतं."

वच्छलाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ती तानुबाईच्या दारावरून जाईना, लांबच्या बोळातून जाई.

चैत्रात अंजन वाळलं, शेळ्या आटल्या. तानुबाई पाल्यासाठी नदीकाठापर्यंत पायपीट करू लागली. हापशावर त्याच चारजणींपैकी एकीने विचारलं, माळावर चारा केला होतास ना?

"स्टायलोनं बी बोगस निंघनं. उगनंच नही," तानुबाई म्हणाली.

वच्छलाबाई तिथेच हंडा भरत होती. तानुबाईने शिव्या घातल्या असत्या तर तिने मुकाट ऐकल्या असत्या. आपली अब्रू ही बाई खोटं बोलून झाकते आहे, हे मात्र तिला सोसवेना. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं.

"उगेल व्हतं," ती म्हणाली. "मीच तण समजीसन उपाडं."

बाया हसल्या, पोट धरून हसल्या. वच्छलाबाईचे कान तापले, पण ती तिथून हलली नाही.

"पाला आणाले मीबी येसू," ती तानुबाईला म्हणाली.

तानुबाईने हंडा कमरेवर घेतला. "ये, अक्का. पन तोडाना पहिले माले इचारजो."