पानाभाऊंचं पोट

पानाभाऊंना खरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं. एरवी सगळी गल्ली त्यांना पानाभाऊच म्हणायची, कारण त्यांच्या मागच्या खिशात सदैव पाना असायचा. लग्नाच्या फोटोतही आहे म्हणतात. नीट पाहिलं तर नवऱ्यामुलाच्या कोटाची एक बाजू जरा उचललेली दिसते.

एकतीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला जगाबद्दल काही ठाम मतं असतात. पानाभाऊंचं एकच होतं: आधी आत बघू, मग बोलू. गिऱ्हाईक दारातच रडगाणं सुरू करायचं. मोरी तुंबली, वास येतो, आम्ही गरम पाणी ओतलं, जावेने सांगितलेली पावडर टाकली. पानाभाऊ हात वर करून थांबवायचे. दोन वर्षांपूर्वी तर त्यांनी एक लांब वायर घेतली, तिच्या टोकाला करंगळीएवढा कॅमेरा. वायर पाइपात सोडली की हातातल्या छोट्या पडद्यावर गिऱ्हाइकाला स्वतःच्याच मोरीचं अंतरंग दिसायचं. चांगली इस्त्रीची माणसं ते बघून खाली मान घालायची. एका बाईंनी तर आरोप केला, की आमची मोरी स्वच्छ होती, तुमचा कॅमेरा गेल्यापासून हे सगळं आलं. पानाभाऊ शांतपणे म्हणाले होते, बाई, कॅमेरा घाण करत नाही, दाखवतो.

तर अशा या माणसाचं पोट बिघडलं.

म्हणजे बिघडून वर्ष झालं होतं, पण पानाभाऊंनी ते मनावर घेतलं नव्हतं. जेवण झालं की छातीत जळायचं. तोंडात आंबट यायचं. तेवढ्यावर निभावलं असतं. पण खाली वाकलं, की पोटातलं सगळं आम्ल घशापर्यंत चाल करून यायचं, आणि प्लंबरचा धंदा म्हणजे वाकण्याचा धंदा. ज्याने कोणी पहिलं बेसिन बसवलं त्याने बेसिन कमरेच्या उंचीला ठेवलं आणि दुखणं मात्र सगळं गुडघ्याखाली नेलं.

यावर पानाभाऊंनी मोठ्या हुशारीने उपाय काढला. त्यांनी वाकायचंच सोडलं. शॉवर, गच्चीवरच्या टाक्या, भिंतीत उंचावर गेलेले पाइप, असली कामं ते हौसेने घेऊ लागले. स्वयंपाकघरातलं सिंक म्हटलं की त्यांना दुसरीकडे जायचं असायचं. फोन घेणं आणि वहीत कामं लिहिणं हे बायकोचं खातं होतं. तिने विचारलं तेव्हा गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. तिने वही मागे चाळली. दीड महिन्यात सत्तावीस शॉवर आणि एकही सिंक नाही. एवढ्या उंचीवरच्या कामांना शिडी लागते, आणि दुखरे गुडघे घेऊन माणूस शिडी चढत नाही, हे तिला कळत होतं. तिने वही मिटली.

पोट दाखवायला न जाण्यामागे एक कारण होतं, आणि ते बायकोला माहीत होतं. पानाभाऊंचे वडीलही प्लंबरच. त्यांनाही असंच जळायचं. त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत सोड्याचा एक पत्र्याचा डबा असायचा, दिवसातून चार वेळा चिमूटभर, वर पाणी, एक ढेकर, की पुन्हा कामाला. वर्षानुवर्षं त्यांनी कुणाला आत बघू दिलं नाही. शेवटी बघितलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पानाभाऊ तेव्हा तेवीस वर्षांचे. पिशवी त्यांनी ठेवून घेतली, डबा फेकून दिला. तेव्हापासून पोटाच्या बाबतीत त्यांचा हिशेब वेगळा होता: बघितलं की सापडतं. न बघितलेल्या पोटात आजवर कुणाला काही सापडलेलं नाही.

मग राहिले नैसर्गिक उपाय. त्यांचा मोठा फायदा असा, की त्यांत कुणी आत बघत नाही.

पहिल्या आल्या मोठ्या मेहुणीबाई. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की माणूस जन्माला येताना ठरावीक एन्झाइमं घेऊन येतो, आणि ती संपली की संपली. भाऊजींनी आपली सगळी चहात उडवली, असा त्यांनी निकाल दिला. आता ती बाहेरून भरायची. जेवणाआधी पपई, जेवणानंतर अननस, मधल्या वेळात पपईच्या बिया चावून. पानाभाऊंनी आठ दिवस निष्ठेने केलं. पपईचं काही वाटलं नाही. बियांमुळे जेवण नकोसं झालं, ही बचतच. पण जळत्या छातीवर अननस पडला तेव्हा अन्ननलिका नेमकी कुठून कुठे जाते हे त्यांना इंचाइंचाने समजलं.

मग खालच्या दुकानातले शिंपी. त्यांनी टेप गळ्यातच ठेवून पानाभाऊंच्या पोटाकडे नुसती नजर टाकली आणि माप सांगावं तसं सांगितलं, की सगळे लोक चुकतात, आम्ल जास्त नाही, तुमच्याकडे कमी पडतंय. पोट बिचारं पुरेसं आम्ल नाही म्हणून गडबडतं. रोज सकाळी उपाशीपोटी दोन चमचे व्हिनेगर. शिंप्याला हे कुणी सांगितलं ते कुणी विचारलं नाही. फुकटच्या सल्ल्याचा पत्ता विचारायची पद्धत नसते.

कमी की जास्त, हा वाद मिटवायला शेजारचे निवृत्त मास्तर पुढे आले. त्यांच्याकडे परीक्षा होती. सकाळी पाण्यात पाव चमचा सोडा घालून प्यायचा आणि पहिला ढेकर किती वेळाने येतो ते घड्याळ लावून मोजायचं. तीन मिनिटांच्या आत आला तर आम्ल जास्त, पाचानंतर आला तर कमी. सोड्याचं नाव निघाल्यावर पानाभाऊ जरा थबकले, पण मास्तर घड्याळ घेऊन उभेच होते. पानाभाऊ खुर्चीत ताठ बसले, बायको दारात, मास्तर सेकंद मोजतायत, आणि घरात परीक्षेच्या हॉलमधली शांतता. ढेकर बरोबर चार मिनिटांनी आला. ना जास्त, ना कमी. मास्तरांनी बराच विचार केला आणि मुलगा काठावर पास असल्याचं जाहीर केलं.

निकाल असा लागल्यावर पानाभाऊंनी धंद्यातली अक्कल वापरली. गरम आणि थंड दोन्ही नळ सारखे सोडले की पाणी कोमट येतं. म्हणून सकाळी शिंप्याचं व्हिनेगर आणि झोपताना थंड दूध. पोटाने हा समेट मान्य केला नाही.

स्वतःच्या डोक्याने त्यांनी एकच गोष्ट केली. पाणी चढावर जात नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावल्या आणि उतार लेव्हल बॉटलने तपासला. त्यांना जरा बरं वाटलं. बायको मात्र रोज सकाळी पायथ्याला सापडू लागली.

"अहो, मी या घरातलं सांडपाणी आहे का?" तिने चौथ्या दिवशी चहा ठेवताना विचारलं.

त्याच सकाळी तिने वहीतलं काम वाचून दाखवलं. कोपऱ्यावरची इमारत, तळमजला, बेसिन, पाणी उतरत नाही. पानाभाऊंनी गुडघ्याला हात लावला. ती म्हणाली, मी हो सांगून बसलेय, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

तळमजल्यावर पोहोचेपर्यंत पानाभाऊंनी पाटी वाचली नाही. वाचली तेव्हा दार उघडलं होतं. पोटाचे विकार, दुर्बिणीने तपासणी. समोर डॉक्टरीणबाई, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. आता परत फिरणं म्हणजे बेसिनला घाबरलो असं दिसलं असतं. ते आत गेले.

बेसिन खरंच तुंबलं होतं. बाईंनी संकोचत सांगितलं, की त्यांनी आधी सोडा टाकला, त्यावर व्हिनेगर ओतलं, खूप फसफसलं, पण उतरलं नाही. हे ऐकून पानाभाऊंना आपलं दुखणं, पाटी, सगळं विसरायला झालं. शिकलेली माणसं तावडीत सापडली की त्यांना बोलायला सुचायचं.

"बाई, आत न बघता वरून काहीही ओतायचं? फसफसलं म्हणजे निघालं, असं कुणी सांगितलं तुम्हाला? आत गाठ असली तर ती तिथेच बसते, आणि तुम्ही वरून ओतत राहता."

एवढं बोलून ते वाकले. बेसिनखाली गेले, खालची वाटी सोडवली, केसांचा बोळा काढला, वाटी पुन्हा बसवली. आणि तेव्हाच सकाळचं व्हिनेगर वर आलं. ते उठले ते एका हाताने भिंत आणि दुसऱ्याने छाती धरून. डोळ्यांत पाणी.

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसून बघत होत्या. बेसिनकडे नाही, त्यांच्याकडे.

"तुमच्या मिसेसनी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "ते वाकून उठतील तेव्हा बघा."

पानाभाऊंनी पाना पुसला. पुसून झालेला पुन्हा पुसला. बाईंनी किती दिवस, वजन उतरलं का, गिळताना अडकतं का, असं एकेक विचारलं. मग म्हणाल्या, आत बघावं लागेल.

स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फारसं बरं वाटत नाही. पानाभाऊंनी नळी केवढी जाड ते विचारलं. साधारण साडेनऊ मिलिमीटर. माझी वायर याहून जाड आहे, ते म्हणाले. बाई म्हणाल्या, तुमची मोरीसाठी आहे.

मग पानाभाऊ बेसिनकडे बघत म्हणाले, "वडिलांच्या वेळी बघितलं, आणि सापडलं."

"बघितल्यामुळे नाही सापडलं. ते आधीच होतं. बघायला उशीर झाला."

हाच वाद पानाभाऊ गेली दोन वर्षं गल्लीतल्या प्रत्येक मोरीवर जिंकत आले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते उपाशीपोटी गेले. आत जाताना पाना खिशातून काढून बायकोच्या हातात द्यावा लागला. तो मांडीवर घेऊन ती बाहेर बाकावर बसली. आत घशाला बधिर करणारा फवारा मारला, तोंडात ठोकळा दिला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच पाइपात कॅमेरा जात असताना पानाभाऊ काही समजावून सांगू शकले नाहीत. त्यांनी बोटाने खूण करून पडदा आपल्याकडे वळवून घेतला, एवढंच. गुलाबी, ओलं, हलणारं. जुन्या पाइपापेक्षा पुष्कळ बरं, असं त्यांनी नंतर बायकोला सांगितलं.

अन्ननलिकेच्या तळाला सूज होती. पोटाच्या तोंडाशी असलेली झडप सैल होती. बाईंनी एक छोटा तुकडा तपासायला काढला. अहवाल आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत मास्तरांनी नवी परीक्षा सुचवली, मेहुणीबाईंनी अननस पाठवला. पानाभाऊंनी कुणाशी वाद घातला नाही, आणि बायकोला काळजी वाटली ती याचीच.

अहवाल साफ आला. वडिलांच्या पोटातलं काही या पोटात नव्हतं.

बाईंनी दोन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास, चहा निम्मा. पपई आवडत असेल तर फळ म्हणून खा, पोट स्वतःची एन्झाइमं स्वतः करतं. व्हिनेगर बंद. ढेकर मोजून काही कळत नाही. विटांचं कळलं तेव्हा मात्र त्या हसल्या. इतक्या उपायांत हा एकच बरोबर, तेवढा चालू ठेवा, म्हणाल्या. बायको बाजूलाच उभी होती. तिने वर छताकडे पाहिलं.

पानाभाऊंनी झडप बदलून मिळते का, असं विचारून घेतलं. आधी गोळ्यांनी बघू, बाई म्हणाल्या.

महिनाभराने जळणं थांबलं. शिंपी म्हणाले, व्हिनेगर लागू पडायला वेळ लागतो. मेहुणीबाईंच्या मते एन्झाइमं परत भरली होती. मास्तरांनी आपण काठावर का होईना, आधीच पास केलं होतं याची आठवण करून दिली. पानाभाऊंनी सगळ्यांचे आभार मानले. बरा झालेला माणूस उदार असतो.

त्याच आठवड्यात बायकोने वहीतून काम वाचलं. तिसरा मजला, स्वयंपाकघर, सिंक, खाली गळतंय. वाचून तिने मान वर केली नाही.

पानाभाऊंनी सिंकखालचं कपाट उघडलं, डबे बाहेर काढले, गुडघे टेकले आणि वाकले. डोकं खाली, छाती खाली, पार आत. थांबले. काही वर आलं नाही. वॉशर दोन मिनिटांत बदलून झाला. तरी ते आतच राहिले, हातात पाना धरून, पाइपाच्या वळणाकडे बघत.

"काय हो, सापडलं का काही?" बाहेरून गिऱ्हाइकाने विचारलं.

"काही नाही," आतून आवाज आला. "जरा बघतोय."