चिकटवलेला ब्रेक

भिवंडीतल्या भंगारवाल्याने मला फसवलं. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या करवतीचा तुटलेला ब्रेक त्याने नुसता वेल्डिंगने चिकटवला, वर रंग मारला आणि ती माझ्या गळ्यात मारली.

माझ्या वखारीत जळण कापायला अंबाडी गावाकडून एक गडी यायचा. करवत सुरू करण्याआधी तो तिला हात लावून तोच हात कपाळाला लावायचा. "म्हातारी हाय, चिडवायची न्हाय," म्हणायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एकदा चिंचेच्या गाठीत अडकून करवत उसळली, दातांची साखळी थांबवणारा ब्रेक लागलाच नाही आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली.

दवाखान्यात तो मलाच म्हणाला, "शेठ, तिला इकू नका. उजवा हात हाय अजून."

भंगारवाल्या, मला काही देऊ नकोस. त्याच्यासमोर उभा राहा आणि जबाब दे.