टाच माझी, भिंत दोघांची

चालल्यानं माणसाची तब्येत सुधारते, असं ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. बसून भेटणार आहे. उभं राहून भांडण्याची माझ्या पायांची परिस्थिती नाही.

झालं असं, की वाळूजला आमच्या कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली आणि माझी शुगर काठावर निघाली. काठावर म्हणजे आत नाही, हे मी घरी आल्या आल्या स्पष्ट केलं होतं. पण आमच्या मंगलनं (ही माझी बायको) पुढचं काही ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या अंगावरची चादर ओढली गेली.

"उठा. चालायला जायचंय."

"कुठं?"

"कुठंच नाय. नुसतं चालायचंय."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला कुठंही न जाण्यासाठी पहाटे उठवणं हा कायद्यानं गुन्हा ठरवायला हवा. पण कायदा करणारेही बहुतेक त्या वेळी चालायला गेलेले असतात.

आम्ही पडेगावला राहतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शकीलभाईंचं गाद्या-पडद्यांचं दुकान आहे. ते रोज सकाळी छावणीच्या बाजूला चालायला जातात, म्हणून मंगलनं मला त्यांच्या ताब्यात दिलं. शकीलभाई चालतात भराभर आणि बोलतात त्याहून भराभर. त्यांच्या मागं धावता धावता एक दिवस माझी उजवी टाच दुखायला लागली. नंतर ती थांबेचना. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं, की खालून कुणीतरी खिळा ठोकतंय असं वाटायचं.

मी मंगलला सांगितलं. तिनं माझ्या टाचेकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघितलं.

"चालायचं नाय म्हणून दुखतीय ती."

आता मला सांगा, टाचेला काय कळतं? टाच काय माझ्याशी संगनमत करून दुखणार आहे? मग मी शकीलभाईंकडं दाद मागितली.

"हौ, जाधव साब, मेरे मामू को भी यहीच था," ते म्हणाले. "फिर उनो चलनाच छोड़ दिए."

"मग बरे झाले?"

"नई. मोटे हो गए."

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, तळपायाला सूज आहे म्हणाले आणि मला व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडं पाठवलं. बाई कसली, आमच्या पुतणीच्या वयाची मुलगी होती. "काका, अगदी सोपं आहे," म्हणाली. भिंतीला दोन्ही हात टेकवायचे, एक पाय पुढं, एक मागं, मागची टाच जमिनीला घट्ट, आणि भिंत ढकलतोय असं समजून पुढं रेटा द्यायचा. पोटरी ताणली गेली की टाच मोकळी होते. रोज सकाळी करायचं, आणि रोज थोडा जोर वाढवायचा.

घरी आलो आणि हॉलच्या भिंतीला हात टेकवले. तेवढ्यात मंगल आली.

"काढा ते हात. दिवाळीला रंग दिलाय माझ्या भिंतीला."

(आमच्या घरात रंग दिलेली भिंत तिची असते. पावसाळ्यात ओल येते ती माझी.)

म्हणून मी बाहेर आलो आणि कंपाउंडच्या भिंतीला लागलो. ही भिंत आमची आणि शेजारच्या गायकवाड साहेबांची सामाईक आहे. गायकवाड साहेबांचं सगळं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलं. आता निवृत्त आहेत, पण नजर निवृत्त झालेली नाही. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजारच्या पत्रावळीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजून घेतात. मधली भिंत आम्ही दोघांनी मिळून बांधली तेव्हा कंत्राटदार माझ्या मेहुण्याचा दोस्त होता, त्यामुळं ती एकेरी विटेची आहे आणि तिला खांब वगैरे काही नाही. ती सरळ आहे असं माझं मत. ती मध्यावर किंचित त्यांच्या बाजूला झुकलीय असं त्यांचं मत. या एका मुद्द्यावर आम्ही कधी बोलायचं नाही असं ठरवून बाकी सगळं गोडीत चाललं होतं.

पहिल्या सकाळी मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. मंगल स्वयंपाकघराच्या खिडकीत देखरेखीला.

"अहो, जोर लावा. नुसतं टेकून काय हुतंय?"

"लावतोय की."

"कुठं लावताय? जागचं हललं पण नाय."

"हळूहळू सरकंल," मी म्हणालो. "एका दिवसात हुतंय व्हय? रोज थोडं थोडं सरकवायचं."

मी बोलत होतो माझ्या मागच्या पायाबद्दल. तो जितका मागं सरकेल तितका ताण चांगला बसतो. पण भिंतीच्या पलीकडं गायकवाड साहेब खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. त्यांना पाय दिसत नव्हता. त्यांना फक्त एवढं ऐकू आलं, की शेजारचा जाधव भल्या सकाळी भिंतीला जोर लावतोय, त्याची बायको त्याला चेव आणतेय, आणि काहीतरी रोज थोडं थोडं सरकवायचा दोघांचा बेत आहे.

हे मला तेव्हा कुठं माहीत? दोन-तीन दिवसांनी शकीलभाईंनी चालता चालता विचारलं, "जाधव साब, गायकवाड साब पूछ रहे थे. आपको जगह कम पड़ री क्या?"

मला वाटलं, शेजारधर्म आहे, विचारपूस केली. नुकतीच मंगलसाठी स्कूटर घेतली होती आणि ती लावायला अंगणात खरोखर अडचण होत होती. मी म्हणालो, "पडतीच की जरा. पण करतोय मी काहीतरी. त्यांना म्हणावं काळजी करू नका."

शकीलभाईंनी हा निरोप एक अक्षर न गाळता पोचवला.

त्याच संध्याकाळी गायकवाड साहेब हातात टेप घेऊन भिंतीच्या कडेनं फिरताना दिसले. मोजायचे, थांबायचे, माझ्या घराकडं बघायचे, परत मोजायचे. मी नमस्कार केला तर त्यांनी टेप झटकन गुंडाळली.

"काहीतरी बांधणार ते," मंगल म्हणाली. "उगं कोण मोजतंय?"

"आपल्याला न विचारता?"

"मग? तुम्हाला विचारून कोण काय करतंय?"

हा टोमणा मी गिळला. पण मनात म्हटलं, बघा माणसाची जात. मी इथं टाच धरून बसलोय, आणि हे माझ्या अडचणीच्या काळात बांधकाम काढतायत. मंगलनं तरीही जवसाची चटणी केली तेव्हा रीतीप्रमाणं एक वाटी गायकवाड वहिनींकडं दिली. ती वाटी अर्ध्या तासात परत आली. भरलेली.

आमच्या गल्लीत वाटी रिकामी परत येत नाही हे खरं, पण तिच्यात दुसरं काहीतरी असतं. आपलीच चटणी परत येणं म्हणजे राजनैतिक संबंध तोडणं. मंगल त्या वाटीकडं कितीतरी वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "उद्यापासून चांगला जोर लावा."

मी जोर वाढवला. आणि इथंच तो विचित्र प्रकार सुरू झाला. मी भिंत रेटली, की भिंत मला रेटायची. आधी वाटलं रक्तदाब असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हाताच्या तळव्यांना साफ जाणवायचं, की समोरून कुणीतरी दाबतंय.

"मंगल, ही भिंत मला ढकलतीय," मी म्हणालो.

"व्यायाम टाळायला आता भिंतीचं नाव सांगा."

आता यावर काय बोलायचं? टाच दुखते म्हटलं तर सोंग, भिंत ढकलते म्हटलं तर बहाणा. या घरात माझ्या तोंडून निघालेली एकही गोष्ट आजवर पुराव्याशिवाय मान्य झालेली नाही. मी चिडलो आणि चिडून आणखी जोरात रेटायला लागलो. भिंतही चिडून आणखी जोरात रेटायला लागली. मधून मधून विटांमधली माती खाली गळायची. मला वाटायचं, व्यायाम लागू पडतोय.

मग ती सकाळ आली. मी घामाघूम होऊन रेटत होतो. तेवढ्यात फाटकातून शकीलभाईंनी हाक मारली, "जाधव साब, चल रहे क्या आज?" त्यांना हो म्हणायला मी भिंतीवरचे दोन्ही हात काढले आणि वळलो.

भिंत माझ्या मागोमाग आली. आधी वरची ओळ, मग मधला सगळा भाग, अगदी सावकाश, विचार करून पडावी तशी. मी सवयीनं दुखरा पाय आधी उचलला. डावा तिथंच राहिला. एक वीट त्याच्या अंगठ्यावर येऊन विसावली.

धूळ खाली बसली तेव्हा समोर गायकवाड साहेब. लुंगी, बनियन, दोन्ही तळवे पुढं, एक पाय पुढं, एक मागं, डोळे घट्ट मिटलेले. भिंत गेली तरी ते रेटतच होते.

"साहेब, काय करताय तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "मी काय करतोय? तुम्ही काय करताय ते सांगा. रोज माझी हद्द सरकवताय. कानानं ऐकलंय मी."

"हद्द? अहो, मी टाचेचा व्यायाम करतोय."

"टाचेचा व्यायाम भिंतीवर? मग डोकं दुखलं की कुठं जाता?"

मंगल हातातल्या लाटण्यासकट बाहेर आली. "भाऊसाहेब, यांची टाच दुखती. डॉक्टरनं सांगितलंय भिंत रेटायला."

"मग ते रोज थोडं थोडं काय सरकणार होतं?"

"पाय," मी म्हणालो.

"आणि जागा कमी पडती म्हणून शकीलभाईंना सांगितलं ते?"

"स्कूटरला."

गायकवाड साहेबांनी शकीलभाईंकडं बघितलं. शकीलभाई म्हणाले, "हौ, मेरेकू स्कूटर का नई बोले थे इनो. मैं क्या अपने मन से स्कूटर लगाऊँ?"

मग गायकवाड साहेब वाकले, विटांकडं बघितलं, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, आणि निकाल दिल्यासारखे म्हणाले, "विटा तुमच्या बाजूला पडल्यात. म्हणजे ढकललं मी. हे मला मान्य करावं लागंल."

इतका प्रामाणिक माणूस. मी त्यांचा हात धरणार होतो, पण तेवढ्यात माझ्या अंगठ्यानं आपली बाजू मांडायला सुरुवात केली आणि मी विटांच्या ढिगावर बसलो.

त्यांनीच मला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तेच, हाडांचे. त्यांनी पायाकडं बघून विचारलं, "मागच्या वेळी टाच होती ना?"

"होय."

"उजवी ना?"

"होय."

"पण हा डावा आहे."

"माहितीय," मी म्हणालो.

अंगठ्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर बसलं. मी पलंगावर पडून राहिलो आणि सगळी गल्ली एकेक करून येऊन गेली. एकानंही टाचेची चौकशी केली नाही. प्रत्येक जण एकच विचारायचा, "भिंत पाडली म्हणं तुम्ही?" मी पाडली. कुणी ढकलली हे विचारायला नको, कुणाच्या अंगावर पडली हे बघायला नको. आणि गायकवाड साहेब? ते रोज संध्याकाळी भिंत नसलेल्या बाजूनं सरळ चालत यायचे, माझ्या उशाशी बसायचे आणि मंगलनं केलेली जवसाची चटणी भाकरीबरोबर खायचे. मला पथ्य म्हणून दोडका.

प्लास्टर निघाल्यावर मला पुन्हा त्या व्यायामवाल्या मुलीकडं जायला सांगितलं. गाडी अर्थातच गायकवाड साहेबांची. वाटेत ते सहज म्हणाले, "जाधव, तुम्हाला कधी बोललो नाय. माझी पण टाच लई दुखायची. नोकरीत बांधाबांधानं फिरून फिरून. कितीक वर्षं. पण हल्ली बघतोय, दुखणं गेलंच की."

"कधीपासून?"

"हे आपलं... भिंतीचं झालं ना, तेव्हापासून."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. माणसानं चांगल्या मनानं आनंद वाटून घ्यावा, पण त्याला काही मर्यादा असते.

त्या मुलीनं मला व्यायाम करून दाखवायला सांगितला. मी भिंतीला हात टेकवले, उजवा पाय पुढं घेतला, डावा मागं नेला आणि रेटलं.

"काका, थांबा," ती म्हणाली. "दुखणारी टाच कोणती?"

"उजवी."

"मग ती मागं पाहिजे ना. ताण मागच्या पायाला बसतो. तुम्ही इतके दिवस चांगल्याच पायाचा व्यायाम केलाय."

म्हणजे धडधाकट पायाला मी रोज पहाटे मन लावून बळकट केलं, आणि बळकट झाल्यावर त्याच्यावर वीट पाडून घेतली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून गायकवाड साहेब म्हणाले, "मी तर पहिल्या दिवसापासून दुखरा पायच मागं ठेवला. रागात माणूस बरोबर उभा राहतो."

भिंत आता पुन्हा बांधून झाली आहे. दुहेरी विटेची, खांबांसकट, आणि साहेबांनी स्वतः दोरी धरून सरळ करून घेतलेली. रोज सकाळी ते त्यांच्या बाजूनं रेटतात, मी माझ्या बाजूनं. मध्येच पलीकडून आवाज येतो, "जाधव, पाय?" आणि मी, या घराचा कर्ता पुरुष, खाली वाकून, नीट खात्री करून भिंतीला उत्तर देतो, "मागं आहे, साहेब."