बंगाली पिक्चरचा अर्थ

मंगळवारी दुपारी छावणीवर पिक्चर दाखवला... तोही बंगाली.

छावणी म्हणजे आमच्या गावची चारा छावणी, तेलगाव रोडला. पाऊस न्हाई, म्हणून निम्मं गाव दिवसभर जनावरांपाशीच असतं. सकाळचा ऊस कुटी करून टाकला की संध्याकाळपर्यंत बायकांना बसून राहायचं... आणि बसणं मला जमत न्हाई.

पुण्याहून एक सर आले होते. गावोगाव चांगले पिक्चर दाखवत फिरतात म्हणे. छावणीला लागून दूध संस्थेचं गोदाम रिकामंच पडलंय, त्यात पडदा लावला, शटर ओढलं. आत अशी उकड की जीव नको झाला.

सरांनी आधीच सांगितलं की हा पिक्चर ज्यानं काढला तोच यात काम करतो, आणि गोष्टही त्याची स्वतःचीच. मोठा कलाकार, पण सगळ्यावरून मन उडालेला. घर त्याचंच, चष्मा त्याचाच. मला लई नवल वाटलं... आपली फजिती एवढा खटाटोप करून लोकांना कशापायी दाखवायची?

पिक्चर सुरू झाला. दाढीवाला माणूस तळ्याकाठी बसलाय... बसलाय... अजून बसलाय. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती वाचणार कोण. मी सरळ म्हणलं, "सर, पोथीला एकजण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो, तसा कोणीतरी अर्थ सांगा. न्हाईतर आमी उठतो."

सर सांगायला लागले. पण त्यांचं ते 'व्यवस्थेविषयीचा भ्रमनिरास' वगैरे... त्याचा अर्थ सांगायला आणखी एक माणूस लागला असता.

तेवढ्यात मागून आवाज आला, "मी सांगतो."

माझा दीर, भानुदास. गावात सगळे त्याला पेंटर म्हणतात. श्रावणात पोथीचा अर्थही पूर्वी तोच सांगायचा. आसपासच्या सगळ्या संस्थांच्या भिंती त्यानं रंगवल्यात... दूध संस्था, सोसायटी, कारखान्याचं गेट.

दोन वर्षं झाली, ब्रशला हात लावत न्हाई. काम दारात येतं आणि हा माघारी लावतो. सोमवारी पुण्याला वॉचमन म्हणून जायचं ठरलंय. घरचे म्हणतात आळशी झाला. मला ते पटत न्हाई, म्हणून मी विचारून विचारून थकले... भाऊजी, कशापायी सोडलं?

"तुला बंगाली येतं का रं?" गोदा मावशीनं विचारलं. ही आमच्या शेजारची, हिला गप बसवत न्हाई.

"माणूस दिसतो की समोर," तो म्हणला आणि पडद्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

सांगायची चाल पोथीचीच. "तर तो म्हणतोय की, बायको पेटी भरून माहेरी निघाली. थांब म्हणावं, पण तेवढं तोंड मला राहिलं न्हाई." बायका पोथीला म्हणतात तसं "हं" म्हणायला लागल्या. मीही म्हणलं.

मग तो दाढीवाला एका मासळीवालीपुढं बसून लई वेळ बोलला.

"तर तो म्हणतोय की, मी सोसायटीच्या भिंतीवर हिरवागार ऊस काढला. पाटाला पाणी काढलं, भरल्या कासेची गाय काढली. लोक म्हणले, झकास. आता त्याच भिंतीखाली बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत्यात. मान वर केली की माझा ऊस दिसतो त्यान्ला. मी सगळ्यान्ला फसवलं."

"कलकत्त्यात बी टँकर येतो का?" गोदा मावशी म्हणाली. एक-दोघी हसल्या... मग कोणीच हसेना. ती भिंत कोणती आणि त्या बाया कोण, हे गोदामातल्या प्रत्येकीला कळलं होतं.

सर म्हणाले, "नाही हो, इथं तो खरं तर त्याच्या नाटकमंडळीबद्दल..."

"सर, गप बसा जरा. अर्थ चाललाय," मी म्हणलं.

सर बिचारे बसले. भानुदास शेवटपर्यंत सांगत राहिला. दोन वर्षांत बोलला नसेल एवढं त्या दुपारी बोलला... सगळं 'तो म्हणतोय' असं.

शटर वर गेलं, बायका जनावरांकडं पांगल्या. मला राहवेना. म्हणलं, "भाऊजी, एक सांगा. त्या दाढीवाल्याचं मन एवढं उडालं होतं, तर हा पिक्चर काढला कुणी?"

"त्यानंच."

"मग?"

डोकं खाजवलं त्यानं. "वैनी, तुमी पोलिसात पायजे होता," म्हणला आणि निघून गेला.

आज सकाळी मी टँकरच्या रांगेत होते, सोसायटीच्या भिंतीला. भाऊजी आले. हातात चुलीतला कोळसा.

"वैनी, हाय तशाच उभ्या राहा. घागर खाली ठेवू नका."

मला धार काढायची होती, भाकरी व्हायच्या होत्या. रागच आला. पण त्यानं भिंतीवर त्या उसाच्या बुडाशी पहिली रेघ ओढली, आणि मला दिसलं की तो रांग काढतोय... आमची. गोदा मावशीचं कमरेतलं वाकणं तर एका रेघेत आलं.

टँकर आला, रांग सरकली, मागच्या बाया पुढं गेल्या. एरवी मी भांडून भांडून नंबर घेते. आज घागर कमरेवर घेऊन उभी राहिले... हलले न्हाई.

त्या दाढीवाल्याला खरं काय म्हणायचं होतं, मला ठाऊक न्हाई. पण त्याचे उपकार झाले, आणि ते सांगायला त्याचा पत्ता न्हाई, म्हणून इथं लिहिलं.

सोमवारच्या पुण्याचं भाऊजी काही बोलले न्हाईत... आणि जन्मात पहिल्यांदा मीही विचारलं न्हाई.